दमडीची मशीद आणि मालकीचा प्रश्न

रमजानचा महिना सुरू झाला की वर्तमानपत्रांत मशिदींची छायाचित्रं दिसू लागतात. दिल्लीची जामा मशीद, हैदराबादची मक्का मशीद, मुंबईतला मोहम्मद अली रोडवरचा झगमगाट. निगडी, आकुर्डी, चिखली, भोसरी भागात राहणाऱ्या माणसाला ही छायाचित्रं पाहून नेहमी एक प्रश्न पडतो. माझे विद्यार्थीही तो विचारतात: ‘मॅडम, आपल्या भागात अशी जुनी, बघायला जावं अशी मशीद का नाही?’

उत्तर सोपं आहे. आपलं शहरच तरुण आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आले, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडीच्या माळावर सेक्टर आखले गेले. महापालिका १९८२ ची. मराठवाडा, खानदेश, सोलापूर, कर्नाटक, उत्तर प्रदेश अशा नाना ठिकाणांहून माणसं आली ती लेथ, फाउंड्री आणि असेंब्ली लाइनवर काम करायला. त्यांनी आधी खोल्या घेतल्या, मग मुलांच्या शाळा शोधल्या, मग देवळं आणि मशिदी बांधल्या. आपल्याकडच्या बहुतेक मशिदी या अशा, कामगारांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या. पगार झाला की शुक्रवारी डब्यात दहा-वीस रुपये. कुणी सिमेंटची चार पोती दिली, कुणी रविवारी येऊन फरशी बसवून दिली. त्यांत कोरीव काम नाही, इतिहासाचा फलक नाही. पत्रा काढून स्लॅब टाकला, एवढाच त्यांचा वास्तुशास्त्रीय इतिहास.

पण अशाच वर्गणीतून उभी राहिलेली, साडेचारशे वर्षांहून जुनी आणि दख्खनच्या दगडकामाचा उत्तम नमुना मानली जाणारी एक मशीद आपल्यापासून फार लांब नाही. ती अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे. तिचं नाव दमडी मशीद. रमजानच्या निमित्ताने तिच्याविषयी लिहायचं कारण केवळ तिचं सौंदर्य नाही. गेल्या दोनेक वर्षांत जुन्या धार्मिक वास्तूंच्या मालकीवरून देशात जो वाद सुरू आहे, तो समजून घ्यायला ही छोटीशी, शांत मशीद फार उपयोगी पडते.

कारखान्यांच्या रस्त्याने

निगडीहून नगरला जायचे रस्ते अनेक आहेत. मी चाकणहून शिक्रापूरला निघणारा रस्ता पसंत करते. या वाटेवर आधी चाकणची एमआयडीसी लागते, मग रांजणगावची, मग सुप्याची. प्रत्येक ठिकाणी शिफ्ट सुटल्यावर रस्त्याच्या कडेने निघालेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं दिसतात. चाकणलाच भुईकोट आहे, तोच जो फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० मध्ये शाइस्तेखानाविरुद्ध झुंजवला. आणि चाकणच्या पुढे नाशिक रस्त्याला राजगुरूनगर, जुनं खेड. हुतात्मा राजगुरूंचं हे जन्मगाव आपल्याला माहीत असतं. पण त्याच गावात दिलावरखानाची मशीद आणि कबर या केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तू आहेत, हे या पट्ट्यात वीस वर्षं राहिलेल्या किती जणांना ठाऊक असेल? म्हणजे जुनी मशीद बघायला हैदराबाद गाठायची गरज नाही. आपल्या कंपनीच्या बसच्या वाटेवरही ती आहे.

नगर शहर मलिक अहमद निजामशहाने १४९४ मध्ये भिंगारजवळ वसवायला घेतलं. हा मलिक अहमद कोण? फेरिश्ता हा इतिहासकार स्वतः तारुण्यात निजामशाही दरबारी होता. त्याने नोंदवलेल्या माहितीनुसार मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मुळात परभणीकडच्या पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला. निजामशाही ही अशी याच मातीत रुजलेली सत्ता होती. भोसले घराण्याचा उदयही तिच्याच आश्रयाने झाला. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यात नवस केला आणि झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरेने चालत आलेली कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. याच घराण्यातली चांदबीबी १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्याविरुद्ध किल्ल्याच्या तटावर उभी राहिली.

२०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं जन्मगाव चोंडी याच जिल्ह्यात आहे. नावावर मतमतांतरं झाली, होत राहतील. पण नावाची पाटी बदलल्याने शहराच्या पोटातला दगड बदलत नाही. उलट ज्या अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या आणि पडक्या वास्तूंना पुन्हा उभं केलं, त्यांच्या नावाच्या शहराने आपल्या सगळ्याच जुन्या वास्तू नीट सांभाळाव्यात, ही अपेक्षा अधिकच रास्त ठरते.

एका नाण्याची गोष्ट

दमडी मशीद नगरच्या किल्ल्यापासून जवळच आहे. किल्ला मुळात मातीचा होता. हुसेन निजामशहाने १५५९ मध्ये त्याचं दगडी बांधकाम सुरू केलं. मशिदीचं बांधकाम १५६७-६८ चं. तालिकोटची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, हुसेन निजामशहा मरण पावला होता आणि गादीवर त्याचा मुलगा मुर्तजा होता. बांधणारा म्हणून साहिरखानाचं नाव नोंदलेलं आहे.

पण लोकांनी मशिदीला साहिरखानाचं नाव दिलं नाही. सांगितलं जातं ते असं की किल्ल्याच्या कामावर राबणाऱ्या मजुरांनी आपल्या मजुरीतून दमडी दमडी बाजूला काढली आणि त्या पैशातून ही मशीद झाली. दमडी म्हणजे पैशाचाही एक बारीकसा हिस्सा. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ असं आपण कंजूष माणसाबद्दल म्हणतो, ‘फुटकी दमडी’ तर हिशेबातही धरत नाही. त्या नाण्याच्या नावाने ही मशीद ओळखली जाते.

आता इतिहासाची शिक्षित नजर लगेच शंका काढते. किल्ल्याच्या दगडी कामाची सुरुवात आणि मशीद यांत आठ-नऊ वर्षांचं अंतर आहे. वर्गणीचा कुठला हिशेब शिल्लक नाही. शिवाय इतकं नाजूक कोरीव काम केवळ दमड्यांवर झालं असेल का? ही शंका योग्य आहे आणि ती विचारलीच पाहिजे. दंतकथा हा पुरावा नसतो. पण दंतकथा काहीच सांगत नाही असंही नसतं. एखाद्या वास्तूविषयी लोक काय लक्षात ठेवायचं ठरवतात, यातून त्या लोकांचा स्वभाव कळतो. सरदाराचं नाव पुस्तकात राहिलं आणि मजुराचं नाणं जिभेवर राहिलं. साडेचार शतकं या शहराने, हिंदू-मुसलमान दोघांनी, ‘दमडी मशीद’ म्हणताना त्या मजुरांचं स्मरण केलं आहे. ते मजूर कुठल्या जातीचे, कुठल्या धर्माचे होते, हे कथा सांगत नाही. किल्ल्याच्या कामावर सगळे एकाच धर्माचे असतील असं मानायला काही आधार नाही.

कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला ही कथा लगेच जवळची वाटते ती म्हणूनच. चाकणमध्ये तयार होणाऱ्या गाडीवर कंपनीचं नाव असतं, वेल्डिंग करणाऱ्याचं नसतं. नगरमध्ये निदान एका इमारतीवर तरी उलटं घडलं.

दगड कसा वाचायचा

मशीद पाहायला गेलेल्या, विशेषतः मुस्लिमेतर मित्रांना बरेचदा कळत नाही की नेमकं काय बघायचं. देवळात मूर्ती असते, चर्चमध्ये वेदी असते. मशिदीत समोर काहीच नसतं. मोकळी जागा आणि एक भिंत. ती भिंतच मुख्य. नमाज मक्केच्या दिशेने पढली जाते. महाराष्ट्रातून ती दिशा साधारण पश्चिमेची. म्हणून आपल्याकडच्या मशिदींचं तोंड पूर्वेला असतं आणि आत शिरणारा माणूस पश्चिमेच्या भिंतीकडे चालत जातो. त्या भिंतीत मधोमध जो कोनाडा असतो तो मिहराब. त्याच्या उजवीकडे काही पायऱ्यांचं आसन असतं, त्याला मिंबर म्हणतात. शुक्रवारचा खुत्बा तिथून दिला जातो. समोर अंगण, म्हणजे सहन, आणि वजूसाठी हौज. एवढा हा आराखडा. मग प्रत्येक प्रदेशाने त्यावर आपला हात फिरवला.

दख्खनचा हात कोणता? पहिली गोष्ट म्हणजे दगड. दिल्ली-आग्र्याकडे लाल वालुकाश्म आहे, तो तुलनेने मऊ. आपल्याकडचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेला, कठीण. त्यावर छिन्नी चालवणं म्हणजे मनगटाची परीक्षा. वेरूळच्या लेण्यांपासून यादवकाळातल्या देवळांपर्यंत ज्या पाथरवटांच्या पिढ्यांनी हा दगड हाताळला, त्यांचीच परंपरा सुलतानी काळातही कामाला आली. कमानीची कल्पना इराण-तुर्कस्तानाकडून आली असेल. पण दगड घडवणारे हात इथलेच. म्हणून दख्खनच्या मशिदींत टोकदार कमानीच्या वर पुढे आलेला दगडी छज्जा दिसतो आणि त्या छज्जाला खालून आधार देणारे तोडे दिसतात, जे आपण जुन्या देवळांत आणि वाड्यांत पाहिलेले असतात. पावसाळ्यात पाणी भिंतीवरून ओघळू नये, उन्हाळ्यात भिंत तापू नये, म्हणून छज्जा. हवा-पाणी एकच, तर उपायही एकच.

दमडी मशीद आकाराने लहान आहे. मोठमोठ्या मशिदींचा दिपवणारा भव्यपणा तिच्यात नाही. तिची ख्याती आहे ती दर्शनी भागावरच्या कोरीव दगडकामासाठी. इस्लामी धार्मिक वास्तूत माणसाची, प्राण्याची आकृती कोरत नाहीत, त्यामुळे कारागिराची सगळी कल्पकता फुलापानांत, भौमितिक नक्षीत आणि अक्षरात उतरते. अशा भिंतीसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं तर नजर हळूहळू स्थिरावते. आधी सगळं एकसारखं करडं दिसतं, मग सावल्यांवरून एकेक पाकळी वेगळी होऊ लागते. सकाळचं ऊन पूर्वेकडून थेट दर्शनी भागावर येतं. शक्य झाल्यास त्याच वेळी जावं.

कमान कशी उभी राहते, हेही तिथे उभं राहून मुलांना दाखवण्यासारखं आहे. कमानीतला कुठलाही एक दगड वरचा भार एकट्याने पेलत नाही. प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो, आणि तो रेटा दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत पोहोचतो. बांधताना खाली लाकडी आधार लागतो. माथ्यावरचा शेवटचा दगड बसला की आधार काढून घेतला तरी चालतं. दमड्यांच्या गोष्टीला ही रचना फार साजेशी आहे.

आणखी एक गोष्ट. बायकांनी मशिदीत जावं की नाही, यावर आपल्याकडे अजून अवघडलेपण आहे. पुण्यातल्याच एका दांपत्याने २०१९ मध्ये यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या प्रकरणात २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने स्त्रियांना मशिदीत नमाजसाठी यायला धर्माची आडकाठी नाही, असं प्रतिज्ञापत्र दिलं. तरी प्रत्यक्षात आपल्या वस्त्यांतल्या अनेक मशिदींत स्त्रियांसाठी वेगळी जागाच बांधलेली नाही. संरक्षित स्मारकांत हा प्रश्न येत नाही. तिथे कुणीही जाऊ शकतं. माझ्या ओळखीच्या कित्येक मुस्लिम बायकांनी मिहराब जवळून पाहिला तो अशा एखाद्या जुन्या स्मारकात, सहलीच्या निमित्ताने. ही गोष्ट आनंदाची म्हणायची की खेदाची, ते वाचकांनीच ठरवावं.

तीन कायदे, एक भिंत

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अशी वास्तू कुणाची? साहिरखानाच्या वंशजांची? नमाजींची? वक्फ मंडळाची? सरकारची? की शहराची?

दमडी मशीद भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. अशा वास्तूला १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. त्यातल्या दोन तरतुदी सामान्य माणसाने लक्षात ठेवाव्यात. कलम ५ चं सहावं उपकलम सांगतं की संरक्षणामुळे त्या जागी रूढीने चालत आलेल्या धार्मिक आचरणाला बाधा येत नाही. आणि कलम १६ सांगतं की सरकार देखभाल करत असलेलं स्मारक जर प्रार्थनास्थळ असेल, तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा वापर होता कामा नये. म्हणजे देऊळ असेल तर देवळासारखं, मशीद असेल तर मशिदीसारखं.

दुसरा कायदा १९९१ चा, प्रार्थनास्थळांचा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे प्रार्थनास्थळ ज्या धर्माचं होतं ते तसंच राहील, असं तो म्हणतो. अनेकांचा समज असा की या कायद्याने देशातल्या सगळ्या जुन्या वास्तू सुरक्षित आहेत. तसं नाही. १९५८ च्या कायद्याखाली येणारी प्राचीन स्मारकं या कायद्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे जितकी वास्तू जुनी आणि मोलाची, तितकं तिला १९९१ चं छत्र कमी, असा हा विचित्र हिशेब आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळांबद्दल नवे दावे नोंदवून घेऊ नयेत आणि प्रलंबित दाव्यांत सर्वेक्षणासारखे परिणामकारक आदेश देऊ नयेत, असं अंतरिम आदेशात म्हटलं. त्यामुळे तूर्त थोडी शांतता आली.

तिसरा कायदा ताजा. वक्फ सुधारणा कायदा ८ एप्रिल २०२५ पासून अमलात आला. वक्फ म्हणजे एखाद्याने आपली मालमत्ता कायमची धर्मादाय कामाला वाहणं. ती मग विकता येत नाही, वारशात वाटता येत नाही. नव्या कायद्यात ‘३ डी’ हे कलम आलं. वक्फ म्हणून जाहीर करताना एखादी वास्तू आधीच संरक्षित स्मारक असेल, तर ती वक्फची घोषणा रद्दबातल ठरेल, असं ते सांगतं. मुस्लिम समाजात यावरून स्वाभाविकच चिंता पसरली. ज्या मशिदीत पिढ्यानपिढ्या नमाज होते ती उद्या केवळ ‘स्मारक’ ठरणार का? १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या काही तरतुदींना स्थगिती दिली, पण या कलमाला दिली नाही. मात्र असं करताना न्यायालयाने १९५८ च्या कायद्यातल्या त्याच कलम ५ कडे बोट दाखवलं: स्मारक झालं तरी रूढ धार्मिक आचरण सुरू ठेवता येतं.

कायद्याचा अंतिम निकाल काय लागेल ते न्यायालय ठरवील. पण चर्चेचा सूर मला खटकतो. एका बाजूला ‘सगळं वक्फचं’ असा संशय पेरला जातो, दुसऱ्या बाजूला ‘सगळं हिरावलं जाणार’ अशी भीती. दोघांचंही लक्ष कागदावर आहे. भिंतीकडे कुणाचं लक्ष आहे?

भिंतीची अवस्था

२०२२ मध्ये देशात केंद्राने संरक्षित केलेली ३,६९३ स्मारकं होती. २०२२ च्या अखेरीस संसदीय समितीसमोर सांस्कृतिक मंत्रालयाने दिलेल्या माहितीप्रमाणे यांपैकी फक्त २४८ ठिकाणी पहारेकरी होते. २०१३ मध्ये महालेखापालांच्या पाहणीत ९२ स्मारकं जागेवर सापडली नव्हती. पुढच्या शोधात बरीच सापडली, काही शहरांच्या वाढीत गेली, काही धरणांत बुडाली, आणि २४ स्मारकांचा थांगपत्ताच लागला नाही. यांत देवळं, शिलालेख, कबरी, मशिदी सगळंच आहे. हरवताना स्मारकाचा धर्म कुणी विचारत नाही.

वक्फ मंडळांचा कारभारही अभिमान वाटावा असा नाही. अर्धवट नोंदी, नाममात्र भाड्याने दिलेल्या जागा, वर्षानुवर्षं न झालेलं लेखापरीक्षण, हे मुसलमान समाजातच खासगीत बोललं जातं. जून २०२५ मध्ये केंद्राने ‘उमीद’ नावाचं पोर्टल सुरू करून सहा महिन्यांत सगळ्या वक्फ मालमत्तांची नोंद करायला सांगितलं, तेव्हा जुन्या सनदा, सातबारा, मोजणीचे नकाशे शोधण्यासाठी मुतवल्लींची जी धावपळ झाली, त्यावरून आजवर दप्तर कसं सांभाळलं गेलं ते दिसलं. मुदत कमी होती ही तक्रार खरी. पण नोंद मुळात का नव्हती, हा प्रश्नही खरा.

आणि आपण नागरिक? जुन्या दगडी भिंतीला श्रद्धेने ऑइलपेंट फासणारे आपणच. भेग दिसली की सिमेंट भरणारेही आपणच. जुन्या बांधकामात चुना असतो. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती अडवतं, मग ओल आणि क्षार आतल्या आत दगडाला पोखरतात. पुण्याई म्हणून केलेली दुरुस्ती वास्तूला घातक ठरते. स्मारकाच्या १०० मीटर परिसरात नवं बांधकाम करायला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट आहे. शेजारी राहणाऱ्या गरीब माणसाला घराचं छप्पर दुरुस्त करायलाही परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, आणि वजनदार माणसाचं बांधकाम मात्र निमूटपणे उभं राहतं. त्यामुळे स्मारकाच्या शेजाऱ्याला स्मारक आपलं वाटत नाही, ते डोक्यावरचं ओझं वाटतं. दमडीतून मशीद उभी करणाऱ्या माणसांचे वारस असे तिच्यापासून तोडले जातात.

हक्क आणि हिशेब

मला वाटतं, जुन्या वास्तूवर हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारावा: तुम्ही तिच्यासाठी काय करता? पुरातत्त्व विभागाने केवळ निळा फलक लावून थांबू नये. त्या फलकावर दंड किती आणि शिक्षा किती, हे ठळक असतं. वास्तू कुणी, केव्हा, कशी बांधली, हे मराठीत नीट वाचता येईल असं फार क्वचित असतं. अरबी-फारसी शिलालेख असलेल्या प्रत्येक वास्तूपाशी त्या लेखाचं मराठी भाषांतर असायला काय हरकत आहे? तसं झालं तर अनोळखी लिपीबद्दलचा निम्मा संशय जागीच विरून जाईल.

वक्फ मंडळाने आणि विश्वस्तांनी जमा-खर्च वर्षातून एकदा मशिदीच्या दारावर लावावा. आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या काही छोट्या मशिदी हे आजही करतात. रमजानच्या शेवटी वर्गणी किती आली, इमामांच्या मानधनावर किती गेली, वीजबिल किती, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेलं असतं. दिवसभर यंत्रावर उभा राहून दिलेल्या पैशाचा हिशेब कामगार मागतो आणि त्याला तो मिळतो. जी शिस्त निगडीतली कामगारांची मशीद पाळू शकते, ती मोठ्या संस्थेला अवघड का वाटावी?

आणि शाळा-महाविद्यालयांनी सहलींचे मार्ग बदलावेत. शिवनेरीला जाणारी बस वाटेत राजगुरूनगरला अर्धा तास थांबू शकते. नगरला किल्ला आणि रणगाडा संग्रहालय बघायला जाणारी मुलं दमडी मशिदीसमोर पंधरा मिनिटं उभी राहू शकतात. नेहरूंनी ज्या किल्ल्यात कैदेत असताना ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, त्याच्या शेजारीच त्या भारताचा एक दगडी पुरावा आहे. मुलांनी तो हाताने चाचपून पाहावा, चप्पल बाहेर काढून, आवाज न करता.

हे सारं आपल्याला नवं नाही. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरवर्षी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे पहिली अभंग-आरती होते आणि मगच पालखी आकुर्डीकडे निघते. तिथे दर्गा कुणाचा आणि पालखी कुणाची, असा वाद कुणी घालत नाही. थांबणाऱ्यांना थांबण्याचं कारण माहीत आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. कागदपत्रं लागतात, कायदेही लागतात. ती नसतील तर बळी तो कान पिळी होईल. पण कागद वास्तू जपत नाही. तिथे जाणारी, तिची गोष्ट पुढच्या पिढीला सांगणारी माणसं तिला जपतात.

या रमजानमध्ये तरावीह झाल्यावर, इफ्तारला आलेल्या मित्रांबरोबर गप्पा मारताना, एखाद्या रविवारचा बेत ठरवायला हरकत नाही. मुस्लिम कुटुंबांनी शेजारच्या हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध कुटुंबाला बरोबर घ्यावं. रोजा असेल तर सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत परतावं. आणि ईदनंतर गेलात तर शिरखुर्म्याचा डबा बरोबर घ्या. फक्त तो स्मारकाच्या आवाराबाहेर उघडा आणि कागदाचे कप परत आणा. साडेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी दमडी दिली. आपल्या वाट्याला एवढीच वर्गणी आहे.

सर्व वाचकांना रमजान मुबारक.